कीबोर्डवरची सुपारी

मी अकरा इंची लॅपटॉप बोलतोय. "एवढासाच? पोरांचा आहे का?" असं विचारू नका, ते मला फार झोंबतं. मी चांगला कामाला लागलेला, घराला हातभार लावणारा लॅपटॉप आहे. आवाज करत नाही, उगाच तापत नाही. खोड म्हणाल तर एकच, मनाला लागलेलं मी विसरत नाही. खंडेनवमीची ती गोष्ट तर मरेपर्यंत विसरणार नाही.

जन्माचं फारसं आठवत नाही. कुठल्याशा लांबच्या कारखान्यात हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं आणि खोक्यात घातलं. डोळे उघडले ते थेट बेंगळुरूत, येलहंक्यातल्या एका घरात. गिरीराजनं मला बायकोसाठी, चंदनासाठी, विकत आणलं होतं. तो होसकोट्यातल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. घराणं मराठी, पण इथं येऊन किती पिढ्या झाल्या ते आता त्यांनाही सांगता येत नाही. भाजीवाल्याशी कानडीत बोलतात, आणि घरात भांडायची वेळ आली की पुन्हा मराठीवर येतात. चंदना सासूला अत्ते म्हणते आणि सासऱ्यांना मामंजी.

सासूबाईंचं नाव अंबुबाई. त्यांना माझी भीतीही वाटते आणि कौतुकही. सासरे विठोजी. त्यांनी सगळी नोकरी घड्याळांच्या कारखान्यात केली आणि निवृत्त झाल्यावर घरी बसून अख्ख्या गल्लीची घड्याळं दुरुस्त केली. या घरात मला नीट हाताळणारं माणूस कोण, तर ते. चंदना माझ्यावर काम करता करता चकली खाते. गिरीराज चिडला की एंटर बडवतो. विठोजी मात्र मऊ फडकं घेऊन माझी कड पुसतात आणि पुसताना तोंडानं काहीतरी पुटपुटतात. ते काय म्हणतात ते मला अजून कळलेलं नाही.

चंदना मेडिकल कोडिंगचा अभ्यास करत होती. म्हणजे काय, तर दवाखान्यातले आजार आणि उपचार ठरावीक आकड्यांत लिहायचे. बाळंतपणात पोर गेलं तेव्हा तिनं आधीची नोकरी सोडली होती, नंतर तिला कुठं उभंच करेनात. शेवटी एका कंपनीनं सांगितलं, ही परीक्षा पास हो, जागा तुझी. परीक्षा परदेशातल्या संस्थेची, घरी बसून द्यायची, आणि तारीख पडली नेमकी दसऱ्याची सकाळ. त्यांना कुठला आलाय दसरा! माझी तपासणी आधीच झाली होती. ज्या लॅपटॉपची तपासणी झाली, त्याच्यावरच परीक्षा. दुसरा लॅपटॉप चालणार नाही, टीव्ही जोडायचा नाही, फोन तर खोलीतसुद्धा नको. ही संधी हुकली तर पुढची वर्षभरानं, आणि कंपनी काही तोवर वाट बघत बसणार नव्हती.

तर आदल्या दिवशी खंडेनवमी. इथले लोक आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी या शहरात जे जे काम करतं त्याची पूजा होते. बसला केळीचे खुंट बांधतात, रिक्षाच्या चाकाखाली लिंबं ठेवतात, रस्त्यावर कोहळे फोडतात. आमच्या घरी देवघरासमोर पाट मांडला होता. त्यावर विळी, कात्री, गिरीराजचा पाना, शिवणयंत्राची दोन चाकं आणि विठोजींची पत्र्याची पेटी. त्या पेटीत घड्याळाचे बारीक स्क्रू-ड्रायव्हर, चिमटे आणि डोळ्याला लावायचं भिंग. विळीसुद्धा पूजेत, म्हणून भाजी भल्या सकाळीच चिरून ठेवलेली. एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत आयुधांना हात लावायचा नाही. दसऱ्याला अक्षता टाकून पूजा हलवायची, मग काय ते घ्या.

त्या दिवशी मलाही मान मिळाला, आणि चंदनाला रात्री उजळणी करायची म्हणून हात न लावण्याच्या नियमातून सूटही. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अंबुबाई कुंकवाची वाटी घेऊन पुढं आल्या तशी चंदना ओरडली, "अत्ते, आत कुंकू नको! बटणांत जाईल!"

"बरं बाई, कुंकू नाही लावत," अंबुबाई म्हणाल्या. "पण बंद यंत्राची पूजा कशी करायची? उघडं तरी राहू दे."

त्यांनी मला उघडून ठेवलं आणि मोठ्या समजूतदारपणानं कुंकवाऐवजी विड्याचं पान अन् त्यावर अख्खी सुपारी ठेवली. नमस्कार केला आणि प्रसादाचं बघायला आत गेल्या. मी दिमाखात बसून होतो. थोड्या वेळानं विठोजी आले. उदबत्तीची राख माझ्यावर पडत होती. ती त्यांना बघवली नाही. त्यांनी राख फुंकली आणि काळजीनं, अगदी काळजीनं, माझं झाकण खाली केलं. उदबत्तीच्या धुरात बटणांवरची पान-सुपारी त्यांना दिसली नाही. झाकण पुरतं बसेना, तेव्हा त्यांनी वरून तळहातानं दाबलं.

कट्!

अहो, मला ओरडता आलं असतं तर येलहंक्याच्या विमानतळावरची विमानं थांबली असती. पडद्याच्या आत एक रेघ फुटली, तिच्या दहा झाल्या. खालच्या कोपऱ्यातून काळं पसरत गेलं. चंदना धावत आली, मला उघडलं, बटण दाबलं. वरची बोटभर पट्टी तेवढी दिसत होती. बाकी सगळ्या उभ्या रेघा आणि शाईसारखे डाग.

ती मटकन खालीच बसली. "गेलं," एवढंच म्हणाली.

"सुपारी कुणी ठेवली आत?" विठोजींनी विचारलं.

"सुपारी मी ठेवली. पण मिटलं कुणी?" अंबुबाई कडाडल्या. "उघडं ठेवलं होतं मी, उघडं!"

मग दोघांनीही चंदनाकडे बघितलं. ती रडत नव्हती. ती रडली असती तर त्यांना समजूत तरी घालता आली असती. ती नुसती माझ्याकडे बघत होती.

मग तिनं पदर खोचला आणि गिरीराजला फोन लावला. त्याच्या कारखान्यातही पूजा चालली होती, मागून ढोलाचा आवाज येत होता. तो म्हणाला, "घाबरू नको. के. आर. पुरमला श्रीहर्षचं दुकान आहे ना, पडदा मिळेल त्याच्याकडे. तोही पूजा करून दुपारी शटर ओढून गावाला चाललाय. मी त्याला थांबवतो. पण कुठला पडदा ते सांग. मागच्या बाजूला नंबर असतो. जोडायची पट्टी दोन प्रकारची येते, रुंद आणि अरुंद. चुकीची आणली तर बसणारच नाही."

"नंबर पडद्याच्या पाठीवर असतो रे. त्यासाठी उघडायला लागेल."

"मग उघड की! अप्पांची पेटी आहे ना घरात."

अप्पांची, म्हणजे विठोजींची, पेटी होती. पाटावर, पूजेत, झेंडूच्या फुलाखाली.

चंदना देवघराकडे वळली तशी अंबुबाई आडव्या आल्या. "अय्यो, हात लावू नको! उद्या सकाळी पूजा हलवते, मग घे."

"अत्ते, उद्या सकाळी परीक्षा आहे."

"माझ्या सासूनं कधी हलवू दिली नाही, तिच्या सासूनं नाही. त्या पेटीला आज कुणी हात लावायचा नाही. कुणीच नाही!"

चंदना चप्पल घालून बाहेर पडली. शेजारी विचारलं, समोर विचारलं. शेजारच्या अक्का हळहळल्या, पण त्यांचाही पाना पूजेत. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानाला आंब्याची डहाळी आणि कुलूप. आयुधपूजेच्या दिवशी बेंगळुरूत स्क्रू-ड्रायव्हर मागून बघा, मग कळेल. ती घामाघूम परत आली. घरात आली आणि नेलकटरची टोकदार पट्टी उघडून माझ्या पोटाच्या स्क्रूला भिडली.

तो अनुभव मी शत्रूलाही देणार नाही. पट्टी घसरली, स्क्रूच्या खाचेची कड खरडली. तिनं पुन्हा लावली, पुन्हा घसरली. अजून दोनदा तसं झालं असतं तर खाच पार गुळगुळीत होऊन तो स्क्रू कुणाच्या बापाला निघाला नसता. खरड् असा आवाज झाला आणि बाहेर ओट्यावर बसलेले विठोजी ताडकन उठले.

"थांब गं! डोकं झिजवशील त्याचं!"

ते तरातरा पाटाकडे गेले. अंबुबाई पेटीसमोर उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. "नाही म्हटलं ना."

"अगं, पोरीचं वर्ष जाईल."

"जाऊ दे. देवाचं मोडायचं नाही." असं म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. विठोजी त्यांच्याकडे बघत राहिले, मग मान खाली घालून पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. मला त्या बाईचा असा संताप आला! वाटलं, काय हा हट्ट, एक फूल हलवायचं की सुनेचं वर्ष घालवायचं, हिला जास्त मोलाचं काय वाटतं?

चंदनाही आता भडकली होती. "अत्ते, मी तुमची मुलगी असते तर असंच केलं असतं?"

अंबुबाईंनी ओट्याकडे एक नजर टाकली आणि चंदनाला हाताला धरून माझ्याजवळ आणलं. हळू आवाजात म्हणाल्या, "तुला वाटतं मी पूजेसाठी अडून बसलेय? गणपतीच्या वेळी भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, आठवतं? दुरुस्तीला दिलं म्हणून सांगितलं मी. दिलंबिलं काही नाही. त्यांनीच उघडलं होतं. हात थरथरायला लागलाय गं त्यांचा. बारीक चाक हातातून पडलं, सापडलं, पण बसवता येईना. सारखं पडायचं. शेवटी त्या घड्याळावर डोकं ठेवून रडले माझ्यासमोर. कुणाला सांगू नको म्हणाले. आता तुझ्यासमोर, तुझ्या कामात हात थरथरला, आणि अजून काही मोडलं, तर तो माणूस उठणार नाही परत."

चंदनानं नेलकटर मिटून बाजूला ठेवलं.  मघाचा माझा सगळा राग मलाच खायला लागला. आणि ते मऊ फडकं आठवलं. हल्ली पुसताना ते माझ्यावर जरा टकटकायचं, ते मी लाडानं थोपटणं समजत होतो.

"अत्ते," चंदना म्हणाली, "स्क्रू मी काढते. ते सांगतील तसं. पण पेटी तर लागेल."

 अंबुबाई डोळे पुसून देवघरात गेल्या, चिमूटभर अक्षता पेटीवर टाकल्या, फूल उचललं आणि पेटी बोटभर सरकवली. "एवढीच हलवली," देवाला बजावून सांगितलं, "बाकीची आयुधं झोपू देत." आणि मग ओट्याकडे तोंड करून मोठ्यानं, "ऐकलं का? या आत. सून बोलावतेय."

विठोजी आले. माझ्यासमोर बसले. पेटी उघडली, सगळ्यात बारीक स्क्रू-ड्रायव्हर निवडला आणि माझ्यावर धरला. टोक स्क्रूच्या खाचेपाशी आलं आणि नाचायला लागलं. टक, टक, टक. माझ्या प्लास्टिकवर ते टोक आपटत होतं, ते आपटणं आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, असं त्यांना वाटत असावं. पण अंबुबाईंनी डोळे मिटून घेतले होते आणि चंदना भिंतीकडे बघत होती.  मी मनात म्हणत होतो, मामंजी, ठेवा खाली, तुम्हाला माझी शपथ.

त्यांनी हात मागं घेतला. स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून मुठीची बाजू चंदनासमोर केली. "घे. तुझा हात लहान आहे, बरा बसेल." मग पेटीतून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि माझ्यावर वाकले. "मी बघतो. तू फिरव. घाई करायची नाही. आधी दाबायचं, मग फिरवायचं."

चंदनानं दाबलं, फिरवलं. झिजलेला तो स्क्रू हलला. माझ्या जिवात जीव आला.

"आधी बॅटरी सोडवते," ती म्हणाली. "व्हिडिओत तसंच सांगितलंय. नाहीतर आतलं काहीतरी जळतं."

"शाब्बास. आमच्यातही तेच. आधी स्प्रिंगचा ताण उतरवायचा, मग घड्याळाला हात घालायचा."

खालचं झाकण निघालं. बॅटरी सुटली आणि मला गुंगी आली. त्यानंतरचं मी तुम्हाला सांगतोय ते नंतर ऐकलेलं, कारण त्या दिवसाची गोष्ट या घरात शंभरदा सांगून झालीय. चंदनानं नखानं पडद्याभोवतीची चौकट सोडवली. प्रत्येक कट्ला अंबुबाई "अय्यो" म्हणायच्या. फुटका पडदा पुढं कलता केला, पाठीवरचा नंबर आणि पट्टीचा फोटो काढला, गिरीराजला पाठवला. पट्टी अरुंद होती. श्रीहर्ष एका हातानं शटर धरून थांबला होता म्हणे.

आणि मग वाट बघणं. के. आर. पुरम ते येलहंका, एरवीही जीव नको होतो. त्या दिवशी तर रस्ताभर सजवलेले लॉऱ्या-टेंपो. फोन लावला तर उचलत नाही. दुसऱ्यांदा उचलत नाही. चंदना फाटकापर्यंत जायची आणि परत यायची. अंबुबाईंना पडद्याचा विसर पडला, त्या पोराच्या नावानं देवापुढं बसल्या. "मी पेटी हलवली म्हणून का रे?" असं देवाला विचारताना विठोजींनी ऐकलं आणि ते पहिल्यांदाच बायकोवर ओरडले. "वेडी आहेस का? देव काय इतका कोता असतो?"

दिवेलागणीला गिरीराज आला. पँट गुडघ्यावर फाटलेली, कोपर सोललेलं. कुणीतरी चौकात फोडलेल्या कोहळ्यावरून गाडी घसरली होती. हातातली पिशवी मात्र छातीशी.

"आडवा झालो, पण पाठीवर पडलो," तो म्हणाला. "पडदा वर होता. बघ लवकर."

"आधी तुझा हात बघू!" अंबुबाई.

"आई, हाताला काही झालेलं नाही. पडदा बघू दे."

पुठ्ठा उघडला. पडदा अखंड होता. मग पुन्हा चंदनाचा हात आणि विठोजींचं भिंग. अरुंद पट्टी बसवायची तर ती केसभरही तिरकी चालत नाही. चंदनानं सरकवली.

"तिरकी आहे. काढ."

काढली, पुन्हा लावली.

"अजून. डावी बाजू वर आहे. स्वल्प खाली. हां. आता ढकल, पण अंगठ्यानं नको, नखानं."

बसली. वर चिकटपट्टी, मग चारी कोपऱ्यांचे स्क्रू, चौकट, शेवटी बॅटरी. चंदनानं बटण दाबलं.

काही नाही. काळा.

पुन्हा दाबलं. काळा. गिरीराजनं ओठ चावला. विठोजींनी भिंग काढलं आणि त्यांचा हात आता उघड उघड थरथरत होता, लपवायचंही भान नव्हतं. चंदना म्हणाली, "मीच काहीतरी चुकले."

"अगं, वायर कुठं लावलीये?" अंबुबाई म्हणाल्या. "दिवा लागायला वीज नको?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बॅटरी काढून बसवली की मी चार्जर लावल्याशिवाय उठत नाही, माझ्या जातीची ही खोड आहे. चंदनानं चार्जर लावला, बटण दाबलं, आणि मी डोळे उघडले. समोर चार चेहरे, एकमेकांवर रेलून माझ्यात डोकावणारे. इतका लख्ख मी कधीच दिसलो नव्हतो, आणि ते चौघेही. मग चंदना रडली. दुपारपासूनचं सगळं रडली आणि अंबुबाई तिला "सरी, सरी, बरं, झालं आता" करत थोपटत राहिल्या.

दसऱ्याच्या सकाळी परीक्षा झाली. अंबुबाई दाराबाहेर स्टूल टाकून बसल्या होत्या. दूधवाल्याला घंटी वाजवू दिली नाही, शेजारच्यांचा ढोल थांबवून आल्या. मी एकदाही लुकलुकलो नाही. चंदना पास झाली, हे तुम्ही ओळखलंच असेल.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं. दसऱ्याला इथं बन्नीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून देतात. चंदनानं विठोजींच्या हातात पानं ठेवली आणि पाया पडली. त्यांनी आशीर्वाद दिला, आत गेले आणि पत्र्याची पेटी आणून तिच्या ओंजळीत ठेवली.

"मामंजी, हे काय?"

"सोनं," ते म्हणाले. "माझ्याकडे हेच आहे."

आता मी थोडा म्हातारा झालोय. बटणांवरची अक्षरं पुसली गेलीत, बिजागरी कुरकुरते. चंदनाला कंपनीनं मोठा लॅपटॉप दिला, तरी हिशेब, पाककृती, पोथ्या माझ्यावरच चालतात. गल्लीतली बंद घड्याळं आता चंदनाकडे येतात. भिंतीवरचं ते घड्याळही तिनंच चालू केलं.

यंदाही खंडेनवमी आली. अंबुबाईंनी पाट मांडला आणि एकेकाला हाक मारली. "गिरी, तुझा पाना. चंदना, तुझी पेटी आण." तुझी म्हणाल्या त्या. विठोजी दारात उभे होते, दोन्ही हात मागं बांधून. पाटावर ठेवायला त्यांच्याकडे आता काही नव्हतं. हात मागं कशासाठी बांधलेत ते या घरात आता सगळ्यांना ठाऊक आहे. मला पाटावर ठेवलं होतं, तिथून मी बघत होतो, आणि मला ते बघवेना.

अंबुबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "आणि तुमचं आयुध? का मीच यायचं उचलायला?"

विठोजी पुढं आले. सदऱ्याच्या खिशातून भिंग काढलं. पेटी देताना तेवढं त्यांनी ठेवून घेतलं होतं, कारण चंदना काहीही उघडायच्या आधी "मामंजी, बघा" म्हणून हाक मारते. थरथरत्या हातानं त्यांनी ते माझ्याशेजारी ठेवलं. ते घरंगळलं, माझ्या कडेला टेकून थांबलं. अंबुबाईंनी त्यावर फूल ठेवलं.

मग सुपारी घेऊन त्या माझ्याकडे वळल्या. मला तो कट् आठवला. पण त्यांनी मला नीट मिटलं, आणि सुपारी वर ठेवली.

वाचकहो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कुणी असेल. मिटण्याआधी एकदा त्याच्यावरून हात फिरवा, एवढंच मागतो. हात थरथरत असला तरी चालेल.